घरीच गाडीचे ऑइल बदलताय? पाना हाती घेण्याआधी हे वाचा, आणि काळे ऑइल बोडीत जाऊ देऊ नका

चामोर्शी : रोवणी आटोपली, पोळाही झाला. आता धान निसवेपर्यंत हाताला थोडी उसंत आहे. पावसाळाभर चिखलात फिरलेल्या गाड्या या दिवसांत अंगणात उभ्या दिसतात, आणि मोबाईलवर व्हिडिओ पाहून ‘ऑइल आपणच बदलू’ म्हणणारे गावोगावी वाढले आहेत. काही वाईट नाही. मी स्वतः पाच-सहा वर्षांपासून माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचे ऑइल घरीच बदलतो. चामोर्शीहून गडचिरोली तीसेक किलोमीटर, चंद्रपूर त्याहून दूर. सर्व्हिसिंगला गेले की अख्खा दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. पण व्हिडिओत जे दाखवत नाहीत, तेच इथे सांगायचे आहे. कारण एकदा माझेच इंजिन जाता जाता वाचले.

आधी ऑइल कधी बदलायचे ते पाहू. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांना कंपनी दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यापैकी जे आधी होईल ते सांगते. लोकं किलोमीटर पाहतात, वर्ष विसरतात. गाडी वर्षात तीनच हजार चालली तरी ऑइल जुने होतेच. थोडे थोडे चालवून बंद करण्यात इंजिन पुरते तापत नाही, आतला ओलावा आणि पेट्रोलचा अंश ऑइलमध्ये मुरतो. गाडीच्या पुस्तकात मागच्या पानांवर ‘खडतर वापर’ असा वेगळा तक्ता राहते. धुळीचा रस्ता, कमी अंतराच्या फेऱ्या, जास्त ओझे. वाचून पाहा, आपलेच वर्णन वाटेल. आष्टीपासून आलापल्लीकडे लोहखनिजाच्या ट्रकांमागे ज्याने उन्हाळ्यात गाडी चालवली, त्याला धूळ काय ते सांगायची गरज नाही. अशा गाडीचे ऑइल मी अर्ध्या अंतरावरच बदलतो, आणि एअर फिल्टर तर त्याही आधी झटकून पाहतो. ट्रॅक्टरचा हिशोब किलोमीटरवर नाही, तासांवर चालतो. बहुतेक ट्रॅक्टरांना अडीचशे तास. मीटर बंद पडलेला असेल तर डायरी ठेवा.

डिझेल गाडीचे ऑइल टाकल्यावर आठ दिवसांत काळे होते. त्याने घाबरू नका, ती काजळी आहे. ती धरून ठेवणे हे ऑइलचे कामच आहे. रंग दुधाळ, कॉफीसारखा दिसला तर मात्र घाबरा. म्हणजे आत पाणी गेले. गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की वैनगंगा फुगते, नाले उलटे भरतात. तिकडे भामरागडला पर्लकोटाच्या पुलावरून पाणी जाते. अशा वेळी कोणाच्या गाडीचे इंजिन पाण्यात बुडाले असेल तर चाबी फिरवूच नका. गाडी ओढत न्या आणि आधी ऑइल पाहा. पाणी न बुडताच रंग दुधाळ झाला असेल तर नुसते ऑइल बदलून भागत नाही. कूलंट आत जात असेल, ते मिस्त्रीचे काम.

कोणते ऑइल?

पुस्तकात लिहिलेले. बस. दुकानदार म्हणते ‘हे सगळ्यांना चालते’, त्याचे ऐकू नका. डब्यावर पाच, डब्ल्यू, तीस असे जे राहते, त्यातला पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती लवकर पोचते त्याचा, दुसरा आकडा तापलेल्या इंजिनात ते किती जाड राहते त्याचा. नवीन छोट्या पेट्रोल गाड्यांना अगदी पातळ ऑइल लागते, काहींना शून्य-सोळासुद्धा. आपल्याकडे ‘ऊन जास्त, म्हणून जाड टाका’ अशी समजूत आहे. जुन्या झिजलेल्या इंजिनाला ते कधी चालून जाते, पण नव्या इंजिनातल्या बारीक वाटांना ते मानवत नाही. ट्रॅक्टरचे उरलेले पंधरा-चाळीस कारमध्ये ओतणारे मी पाहिले आहेत. तसे करू नका.

दुसरी खूण अक्षरांची. पेट्रोलसाठी एस ने सुरू होणारी, डिझेलसाठी सी ने. एस नंतरचे अक्षर जितके पुढचे तितका दर्जा नवा, म्हणजे एसएनच्या पुढे एसपी. बीएस-६ डिझेलमध्ये धुराच्या नळीत गाळणी राहते, तिला कमी राख सोडणारेच ऑइल लागते. साधे टाकले तर गाळणी चोंदते आणि ती बदलायला जो खर्च येते त्यात जुनी मोटरसायकल येईल. मोटरसायकलवरून आठवले, कारचे उरलेले ऑइल मोटरसायकलमध्ये टाकू नका. तिचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला राहते, कारच्या ऑइलने तो घसरतो. मोटरसायकलच्या डब्यावर ‘जासो’ची खूण पाहून घ्या.

नकली माल हा वेगळाच त्रास. जुने डबे गोळा करून त्यात भलतेच भरून विकतात. सील पाहा, झाकणाखालचा कोड तपासता येत असेल तर तपासा, पक्के बिल घ्या. आणि आपला रिकामा डबा फेकण्याआधी त्याला विळ्याने चीर पाडा. नाही तर तोच डबा भरून आपल्याकडेच परत येईल.

गाडी वॉरंटीत असेल तर मात्र हा लेख इथेच थांबवा आणि सर्व्हिस सेंटरला जा. पुढे इंजिनाचे काही निघाले तर नोंद नाही म्हणून वांधा होतो.

गाडीखाली जाण्याआधी

सगळ्यात धोक्याची गोष्ट ऑइल नाही, वरची गाडी आहे. डिकीतला जॅक पंक्चरसाठी आहे, त्याच्या भरवशावर गाडीखाली डोके घालायचे नाही. कोणी ‘पाचच मिनिटं’ म्हणत असेल तर त्याला ओढून बाहेर काढा. विटांवरही गाडी चढवू नका. ओझ्याखाली वीट अशी फुटते की आवाज ऐकू येईपर्यंत सगळे होऊन जाते. मी चाकापेक्षा रुंद असे जाड लाकडी ओंडके पायऱ्यांसारखे ठोकून दोन उतार बनवले आहेत. पुढची दोन्ही चाके त्यावर चढवतो, हँडब्रेक ओढतो, पहिला गियर टाकतो, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावतो आणि चाबी खिशात ठेवतो. चाबी खिशातच. घरातल्या पोराला गाडी सुरू करून पाहायची हौस कधी येईल सांगता येत नाही. जमीन कडक हवी. पावसाने भिजलेल्या अंगणात हे काम नाही.

इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून कोमट करा. थंड ऑइल पूर्ण उतरत नाही, आणि लांबून आलेल्या गाडीचे ऑइल हात भाजते. वरचे ऑइलचे झाकण उघडून ठेवा, म्हणजे खाली धार नीट पडते. मग खालचा ड्रेन बोल्ट. बरोबर मापाचा रिंग पाना किंवा बॉक्स पाना घ्या, फिक्स पान्याने डोके गोल होते. एक गोष्ट नीट पाहा : काही गाड्यांत शेजारीच गिअरबॉक्सचा बोल्ट राहते, तसाच दिसते. माझ्या ओळखीच्या एकाने गियर ऑइल सोडले आणि इंजिनात आणखी तीन लिटर ओतले. बोल्ट ऑइल चेंबरचाच आहे ना, ते खात्री करूनच हात लावा.

शेवटचे दोन आटे हाताने फिरवताना बोल्ट वर दाबून धरा आणि एकदम बाजूला घ्या. धार सरळ खाली नाही, थोडी पुढे उडते. परात तशी ठेवा. पंधरा-वीस मिनिटे थेंब थेंब होऊ द्या, घाई करू नका. बोल्टच्या टोकाला बोटाने चाचपा. भुकटीसारखे काळे चालते, चमकणारे तुकडे लागले तर इंजिनात काहीतरी झिजत आहे. बोल्टखालचा वॉशर नवा टाका. चार-दोन रुपयांची वस्तू, पण तीच लोकं वाचवतात. बोल्ट आधी बोटांनी लावा, सुरळीत फिरला की मगच पाना. चेंबर बहुधा ॲल्युमिनियमचे किंवा पातळ पत्र्याचे असते. ‘आणखी थोडं’ म्हणत पाइप लावून कसला की आटे गेले, आणि आटे गेले की चेंबरच गेले.

आता फिल्टर. माझी चूक इथेच झाली होती.

डब्यासारखा फिल्टर उलटा फिरवला की निघतो. त्याच्या तोंडाला रबराची रिंग राहते. तिसऱ्या वर्षी मी फिल्टर काढला, नवा लावला, ऑइल भरले, गाडी सुरू केली, सगळे बरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराला निघालो. घोटच्या रस्त्यावर मीटरमध्ये लाल चिरागाची खूण लागली. मला वाटले ऑइल कमी पडले असेल, पुढच्या गावी पाहू. देवाची कृपा म्हणून दोनशे मीटरवर थांबलो. खाली वाकून पाहतो तर इंजिनाखालून काळी धार, आणि मागे रस्त्यावर लांबच लांब रेघ. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि मी तिच्यावर नवी रिंग बसवली होती. दोन रबरं एकमेकांवर टिकत नाहीत. दाब आला की सरकतात आणि मिनिटभरात सगळे ऑइल बाहेर. तो लाल दिवा ऑइल कमी असल्याचा नाही, दाब गेल्याचा आहे. तो लागला की गाव, घर, दुकान काही पाहायचे नाही. जागीच गाडी बंद. आणखी दोन किलोमीटर गेलो असतो तर इंजिन जाम झाले असते, आणि त्या वर्षीच्या धानाचा बोनस त्यातच गेला असता.

तेव्हापासून काढलेल्या फिल्टरवर रिंग आहे का, हे मी आधी बोटाने पाहतो. मग इंजिनाची बैठक फडक्याने पुसतो. नव्या रिंगला बोटभर नवे ऑइल लावतो, फिल्टर हाताने फिरवतो, रिंग टेकली की पाऊण फेरा आणखी. फिल्टरच्या अंगावर किती फेरा ते छापलेले राहते, तेच खरे. पान्याने कसायची गरज नाही. काही डिझेल गाड्यांत डब्याऐवजी नुसता कागदी फिल्टर राहते, त्याच्या झाकणाची रिंग नव्या फिल्टरसोबतच येते, तीही बदला.

गाडी सपाट जागी घेऊन मग ऑइल भरा, पण सगळे एकदम नाही. पुस्तकात तीन लिटर असेल तर अडीच टाका, थांबा, काडी काढून पुसून पुन्हा घालून पाहा. काडीवर दोन खुणा राहतात, ऑइल त्यांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवे. खुणेच्या वर गेले तर ‘असू दे, खर्च होईल’ म्हणू नका. आतला दांडा ऑइलवर आपटून फेस करतो आणि फेसाने दाब बसत नाही. झाकण लावून गाडी मिनिटभर चालवा. लाल दिवा दोन-चार सेकंदांत विझलाच पाहिजे. बंद करा, खाली वाकून बोल्ट आणि फिल्टर पाहा, पाच मिनिटांनी काडी पुन्हा पाहा. फिल्टरने थोडे प्यायलेले राहते, तेवढे भरा. तारीख आणि किलोमीटर चिठ्ठीवर लिहून बोनेटखाली चिकटवा.

परातीतल्या ऑइलचे काय?

इथपर्यंत सगळे करतात. पुढे परात उचलतात आणि नालीत, उकिरड्यावर, नाही तर बांधावर ओततात. आपल्या बांध्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. माझ्या धुऱ्यावरचे पाणी खालच्याच्या बांधीत, तिथून बोडीत, बोडीतून मामा तलावात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे म्हणणे आहे की एका वेळच्या ऑइल बदलातले ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी खराब करू शकते. पाण्यावर त्याचा पातळ पडदा पसरतो, खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. बोडीत मासळीचे बीज सोडणाऱ्याला विचारा त्याचा अर्थ.

जुनी लोकं हे ऑइल बंडीच्या आसाला लावत, गोठ्याच्या खांबांना उधईसाठी लावत. मीही लहानपणी लावले आहे. पण त्यात इंजिनाच्या झिजेचे धातू आणि जळालेला मळ राहते. खांब गुरे चाटतात. खरजेसाठी बैलाच्या अंगाला काळे ऑइल चोपडणे तर बंदच करा, तालुक्यात पशुवैद्यकीय दवाखाना आहे. चुलीत सरपणावर ओतून पेटवणेही नको, तो धूर घरातल्या बाया-पोरांच्या छातीत जातो. हाताला लागले तरी साबणाने धुवा, शक्यतो मोजे घाला.

वापरलेले ऑइल हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, आणि त्यावर पुन्हा प्रक्रिया करून नवे ऑइल बनवता येते. म्हणूनच त्याला गिऱ्हाईक आहे. मोठी गॅरेजे पिंपात साठवतात आणि उचलणारा येऊन घेऊन जातो. आपले तीन लिटर ते बहुधा नाही म्हणत नाहीत. फक्त त्यात पाणी, पेट्रोल किंवा कूलंट मिसळलेले नसावे. देताना त्यांचे पिंप पुढे कोण उचलते, एवढे विचारा.

मी जुना फिल्टर रात्रभर परातीत उलटा ठेवून निथळू देतो. ऑइल नव्या ऑइलच्याच डब्यात भरतो, वर खडूने ‘जुने’ लिहितो आणि पोरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवतो. पुढच्या वेळी गडचिरोलीला काम निघाले की डबा डिकीत. गॅरेजमध्ये पिंपात ओततो, आणि रिकाम्या डब्याला तिथेच चीर पाडतो.