बसणारा ड्रायव्हर, चढणारा कंडक्टर

"डॉक्टर, आमच्या आजोबांनी जन्मात कधी व्यायाम केला नाही, तरी ऐंशी वर्षे जगले. मग आमच्याच मागे व्यायामाचा लकडा कशाला?" हा प्रश्न मला दवाखान्यात वरचेवर ऐकायला मिळतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र लंडनच्या बसगाड्यांत सापडते.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात इंग्लंडमध्ये हृदयविकार फार वाढल्याचे दिसू लागले. जेरी मॉरिस या डॉक्टरांना वाटले, की माणूस कोणते काम करतो याच्याशी या रोगाचा काही संबंध असावा. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे ३१ हजार पुरुषांची माहिती तपासली. १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली.

तेथील बस दुमजली. मुंबईची डबलडेकर ज्यांनी पाहिली असेल त्यांना कल्पना येईल. ड्रायव्हर पाळीतला बहुतेक वेळ बसून असे. कंडक्टर मात्र तिकिटे फाडत दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे. बस तीच, शहर तेच, माणसेही एकाच थरातली. तरीही कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. ज्यांना झाला त्यांना तो उशिरा झाला, आणि त्यातून दगावणारेही कमी होते. टपाल खात्यातही तसेच दिसले. घरोघर टपाल वाटणारे पोस्टमन हे टेबलावरच्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते.

पुढे १९५६ साली मॉरिस यांनी या कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापेही तपासली. ड्रायव्हरांच्या विजारी कंबरेत अधिक रुंद निघाल्या. तेव्हा ड्रायव्हर मुळातच स्थूल असतील, अशी शंका निघाली. पण पुढच्या अभ्यासांतूनही शारीरिक हालचालीचे महत्त्व टिकून राहिले. मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करीत आणि ९९ वर्षांचे होऊन २००९ साली वारले.

आजोबांचा व्यायाम

आता आजोबांकडे वळू. त्यांनी व्यायाम केला नाही असे म्हणणे बरोबर नाही. त्यांचा व्यायाम कामातच होता. मोट, नांगर, बाजाराला पायी जाणे, ही सारी हालचाल त्यांना न मागता मिळत होती. आजीच्या वाट्याला जाते, पाटा-वरवंटा आणि विहिरीचे पाणी होते. मग विजेचा पंप आला, ट्रॅक्टर आला, मिक्सर आला, मोटारसायकल आली. आता तर वीजबिल भरायलाही घराबाहेर पडावे लागत नाही.

हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. चुलीच्या धुराने खोकणाऱ्या बायका मी तपासल्या आहेत. गॅस आला हे त्यांच्या फुप्फुसांवर उपकारच झाले. पण यंत्राने कष्ट नेले तेव्हा त्याबरोबर हालचालही गेली. भूक मात्र पूर्वीचीच राहिली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यामागे आनुवंशिकता, आहार, वय अशी अनेक कारणे आहेत, पण बैठे काम हे त्यातले एक मोठे कारण आहे.

शरीरात घडते ते असे. जेवणानंतर रक्तात साखर येते. ती खपवणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. इन्शुलिनचे काम मंदावलेले असले, तरी हलणारा स्नायू साखर उचलतो. स्वस्थ बसलेला स्नायू ती फारशी घेत नाही.

वेळ कोठून आणायचा?

माझे एक पेशंट दुकानदार आहेत. सकाळी नळाचे पाणी, नऊला दुकान, रात्री साडेनऊला कुलूप. त्यांना 'पहाटे तासभर फिरा' असे सांगून काय होणार? म्हणून आम्ही दोघांनी मिळून वेगळा हिशेब मांडला. दुकानात जाता-येता स्कूटर बंद. पंधरा मिनिटे जाताना, पंधरा येताना. दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटे फेऱ्या. माल काढून द्यायला स्वतः उठायचे. वर्षभरात गोळ्या सुटल्या नाहीत, पण वाढवाव्याही लागल्या नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस अशी, की प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. भरभर चालणे त्यात येते. पाच-पाच मिनिटांचे तुकडेही जमेस धरले जातात.

मात्र हा सल्ला सरसकट सर्वांना लागू नाही. दिवसभर खुरपणी करून किंवा ऊस तोडून आलेल्या बाईला 'चालायला जा' म्हणणे ही थट्टा होईल. तिला पोटभर सकस अन्न, विश्रांती आणि रक्तातील लोहाची तपासणी हवी. चालताना छातीत दुखते किंवा धाप लागते अशांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. घाम सुटला, हात थरथरले तर ती लगेच खावी. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी चालू नये.

आणखी एक गोष्ट. पेशंट चालत नाही म्हणजे तो आळशीच, असे आम्ही डॉक्टर चटकन म्हणून मोकळे होतो. पण चालायला जागा लागते. फुटपाथवर टपऱ्या, रस्त्यावर अंधार, मागे लागणारी कुत्री, असे असेल तर सासुरवाशीण सून किंवा साठीचे गृहस्थ संध्याकाळी बाहेर कसे पडतील? चालणे ही निवड ज्याची त्याची आहे, हे खरे. पण ती निवड करता यावी म्हणून दिवे आणि मैदान देणे नगरपालिकेचे काम आहे. मते मागायला उमेदवार दारी येतील तेव्हा गटाराबरोबर फुटपाथचाही प्रश्न त्यांना जरूर विचारा.

तोवर आज रात्री जेवण झाल्यावर लगेच टीव्हीसमोर न बसता गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या. जाताना घरच्यांनाही बरोबर घ्या.