क्रिप्टोवर कर आहे, कवच नाही

दरमहा दहा टक्के परतावा, तोही सलग अठरा महिने! ‘गेनबिटकॉइन’ या योजनेने असं आमिष दाखवलं आणि हजारो लोक त्याला भुलले. त्यांनी बिटकॉइन द्यायचे, कंपनी ‘मायनिंग’ करून, म्हणजे संगणकांच्या जोरावर नवे बिटकॉइन मिळवून, नफा वाटणार, अशी बतावणी होती. नवे गुंतवणूकदार आटू लागले तेव्हा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचं कमी किमतीचं नाणं लोकांच्या हातावर टेकवण्यात आलं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाज याला अटक केली. या योजनेत गोळा झालेल्या बिटकॉइनची किंमत २०१७ च्याच भावाने ६,६०० कोटी रुपये होती, असं ईडीचं म्हणणं आहे.

प्रकरणाचा पुढचा अंक तर त्याहून चक्रावणारा. आरोपींच्या क्रिप्टोचा छडा लावण्यासाठी पुणे पोलिसांनी ज्यांची मदत घेतली, त्यांपैकी दोन सायबर तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. त्यांनी खात्यांतली शिल्लक कमी दाखवली आणि काही क्रिप्टो परस्पर वळवलं, असा पोलिसांचा आरोप होता. भारद्वाजचा मृत्यू त्याआधीच, जानेवारी २०२२ मध्ये झाला होता. पुढे तपास सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुणे, कोल्हापूर, नांदेडसह देशभरात साठहून अधिक ठिकाणी छापे पडले.

क्रिप्टोचे व्यवहार गुप्त असतात, हा समज अर्धाच खरा. बिटकॉइनची प्रत्येक देवघेव चावडीवर उघड्या ठेवलेल्या खतावणीसारखी कुणालाही पाहता येते. फक्त तिथे नाव नसतं, आकड्या-अक्षरांचा पत्ता असतो. त्या पत्त्यामागचा माणूस सापडतो तो बहुधा एक्स्चेंजवर, कारण क्रिप्टोचे रुपये करायला तो तिथे येतो आणि तिथे पॅन, आधार, बँक खातं द्यावं लागतं. म्हणूनच गुन्हेगार अनेकांचे व्यवहार एकत्र घुसळणारे ‘मिक्सर’ वापरतात, एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर उड्या मारतात किंवा दुसऱ्यांच्या बँक खात्यांतून पैसा फिरवतात. आणि म्हणूनच सरकारनेही पहारा बसवला तो एक्स्चेंजच्या दारावर.

तिथपर्यंतचा रस्ता मात्र वळणावळणाचा होता. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने क्रिप्टो व्यवहारांना सेवा देऊ नका, असं बँकांना बजावलं. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. २०२२ च्या अर्थसंकल्पात नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस आला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करण्याचीही सोय ठेवली नाही. मग ७ मार्च २०२३ रोजी एक्स्चेंज आणि वॉलेट सेवा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या. त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट, म्हणजे एफआययूकडे नोंदणी करणं, ग्राहकाची ओळख पटवणं आणि संशयास्पद व्यवहार कळवणं बंधनकारक झालं. परदेशी कंपन्यांनाही यातून सूट मिळाली नाही. जून २०२४ मध्ये बायनान्सला १८.८२ कोटी, तर जानेवारी २०२५ मध्ये बायबिटला ९.२७ कोटी रुपयांचा दंड झाला.

ही सगळी व्यवस्था काळ्या पैशावर नजर ठेवते. ग्राहकाचा पैसा सांभाळणं हे तिचं कामच नाही.

याचा चटका १८ जुलै २०२४ ला बसला. वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो पळवलं गेलं. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने पुढे या चोरीचं खापर उत्तर कोरियाच्या हॅकरांवर फोडलं. वझीरएक्सची एफआययूकडे नोंदणी होती, तरी ग्राहकांना आपले पैसे काढता येईनात. तोडगा निघाला तो सिंगापूरच्या न्यायालयात, कारण मूळ कंपनी तिथली. एक्स्चेंज पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. शेअर दलालाने फसवलं तर सेबीचं दार ठोठावता येतं. क्रिप्टोच्या ग्राहकाला यातलं काहीच नाही. युरोपीय महासंघाने ‘मायका’ हा कायदा डिसेंबर २०२४ पासून पूर्णपणे लागू केला. त्यात परवाना, ग्राहकांची मालमत्ता वेगळी ठेवण्याची सक्ती आणि हरवल्यास कंपनीची जबाबदारी ठरवून दिली आहे. ३० टक्के कर घेणाऱ्या सरकारने निदान एवढं तरी करायला हवं.

तोवर सावध राहण्याचं काम ज्याचं त्यालाच करावं लागेल. एक्स्चेंजची एफआययू नोंदणी तपासा, पण तिला विमा समजू नका. हमखास परताव्याचं आश्वासन देणाऱ्याला पैसे देऊच नका. आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. पैसा बँकेतून पुढे सरकण्याआधी तो गोठवता आला, तरच परत मिळण्याची आशा असते.