जुन्या जीपला आला भाव



बैल जुळला की त्याला चांगली किंमत येते आणि थकला की ती उतरते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. यंत्राचेही तसेच. इंजिन असो, ट्रॅक्टर असो की मोटारसायकल, वापरात झिजली की तिचा भाव खाली येतो. पण गेल्या काही वर्षांत याच्या उलट एक गोष्ट दिसू लागली आहे. वीस-वीस वर्षे गोठ्याच्या कडेला, कडब्याच्या गंजीआड उभी असलेली जुनी जीप पाहायला शहरातून माणसे येतात. तिच्यावर कोंबड्या बसतात, सीटमध्ये उंदरांनी घर केलेले असते. तरी ती माणसे बोनेट उघडून बघतात, खाली वाकून चासीवरचा नंबर वाचतात आणि खिशातून रोख पैसे काढतात.

घरातले लोक चकित होतात. भंगारवाला किलोवर मागत होता ती वस्तू एवढ्याला कशी जाते? मग कुणी घाईने विकून टाकतो, तर शेजारच्या गावातला एखादा तरुण कापसाची पट्टी हातात पडताच तसलीच जीप घ्यायला धावतो. दोन्ही व्यवहारांत शेतकऱ्याचे नुकसान होऊ शकते. म्हणून पीकपाण्याचा विषय बाजूला ठेवून आज हा विषय घेतला आहे.

ही जीप आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने जी छोटी, दणकट गाडी वापरली ती ही जीप. लढाई संपल्यावर विलिस कंपनीने तिला नागरी रूप दिले. आपल्याकडे महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे १९४९ साली तिची जुळणी सुरू केली. सुटे भाग परदेशातून यायचे आणि गाडी इथे उभी राहायची. पुढे भागही इथेच बनू लागले.

उंच बोनेटची जी जीप आपण लहानपणी गटविकास अधिकाऱ्यांकडे किंवा कारखान्याच्या शेतकी खात्याकडे पाहिली, तिचे मूळ सीजे-३बी हे मॉडेल. अमेरिकेत ते १९५३ साली निघाले आणि १९६८ साली बंद झाले. त्यात बसवलेले नवे पेट्रोल इंजिन उंचीला जास्त होते, म्हणून बोनेट उंच करावे लागले. आपल्याकडे मात्र त्याच घराण्यातल्या गाड्या पुढे कित्येक वर्षे बनत राहिल्या. पेट्रोल महागल्यावर डिझेल इंजिने आली. काही जीपगाड्यांत तर ट्रॅक्टरच्या घराण्यातलेच इंजिन होते. म्हणून ट्रॅक्टर दुरुस्त करणारा गावचा मिस्त्री जीपही दुरुस्त करू शके. नंतर प्यूजो जातीचे डिझेल इंजिन असलेली एमएम ५४० आली आणि ती खेड्यापाड्यांत चांगलीच रुजली.

या गाडीने आपल्या भागात काय केले नाही? चिखलातून दूध वाहिले, बाळंतिणीला दवाखान्यात नेले, निवडणुकीत भोंगा बांधून गावे पालथी घातली. पश्चिम महाराष्ट्रात तिची वडाप झाली, मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी झाली. गिअरच्या शेजारची दुसरी दांडी ओढली की चारही चाकांना जोर मिळायचा आणि ओढ्याची चढण ती सहज चढून जायची.

भाव का चढला?

पहिले कारण अगदी बाजार समितीतले आहे. आवक बंद झाली आणि गिऱ्हाईक वाढले. जुन्या पद्धतीची जीप आता बनत नाही. तिच्या जागी २०१० साली थार आली आणि २०२० साली त्या थारचेही रूप पालटले. नवी थार घ्यायची तर दहा लाखांच्या आसपासपासून सुरुवात होते. ज्याला तेवढे झेपत नाही किंवा ज्याला जुनीच चाल हवी आहे, तो जुन्या जीपकडे वळतो.

दुसरे कारण सरकारी लिलावांचे. पूर्वी शासकीय खात्यांच्या जुन्या जीपगाड्या लिलावात निघत आणि शेतकरी त्या घेत. केंद्र सरकारच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. ती वाहने नोंदणीकृत भंगार केंद्रात मोडीत काढायची असतात. म्हणजे जुन्या जीपगाड्या बाजारात येण्याची ही वाटही आटली.

तिसरे कारण माणसाच्या मनात आहे. ज्या मुलाने वडिलांच्या मांडीवर बसून जीपचे स्टिअरिंग धरले, तो आज पन्नाशीत आहे. त्याच्याकडे नोकरी-धंद्याचा पैसा आहे आणि लहानपणीची गाडी त्याला दारात हवी आहे. हाच प्रकार मोटारसायकलींत दिसतो. यामाहाची आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ साली आली आणि १९९६ साली बंद झाली, पण चांगल्या स्थितीतल्या गाडीला आज लाखाच्या घरात किंमत सांगतात. म्हैसूरच्या कारखान्यातली येझदी १९९६ साली बंद पडली, तिचेही चाहते आहेत. मारुतीच्या जिप्सीची गोष्ट वेगळी नाही.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हा भाव लोखंडाला नाही. लोखंड कालही किलोवर होते, आजही किलोवरच आहे. भाव आहे तो दोन गोष्टींना: गाडीच्या अस्सलपणाला आणि तिच्या कागदांना. मूळ चासी, मूळ इंजिन, मूळ पत्रा आणि चालू नोंदणी असेल तर गिऱ्हाईक शोधत येईल. यातले काही नसेल तर तीच जीप भंगार आहे, मग तिच्यावर कितीही रंग फासा.

विकण्यापूर्वी

गावात बैठकीला गेलो की हल्ली हमखास प्रश्न येतो, ‘साहेब, एजंट चाळीस हजार देतो म्हणतो, देऊन टाकू का?’ मी उलट विचारतो, ‘दादा, कागद कुणाच्या नावावर आहे?’ बहुतेक वेळा उत्तर येते, ‘आमच्या वडिलांच्या. ते वारले.’

अडचण इथेच आहे. मालक वारल्यास वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचा, असा मोटार वाहन कायद्याचा नियम आहे. पुष्कळ घरांत हे राहून गेलेले असते. उशीर झाला असला तरी आधी वारसनोंद करून घ्या. सातबाऱ्यावर वारस लागल्याशिवाय आपण जमीन विकतो का? तोच न्याय इथे लावा. भावाभावांत, बहिणींत विचार करून सगळ्यांची संमती घ्या. भाव चढलेली वस्तू एकट्याने विकली की पुढे बांधावरचे भांडण दारात येते.

एजंट म्हणतो, ‘कागदाचे आम्ही बघू, तुम्ही फक्त कोऱ्या फॉर्मवर सही करा.’ अशी सही करू नका. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात गेली आणि नोंद आपल्याच नावावर राहिली, तर अपघाताची जबाबदारी आपल्या गळ्यात पडू शकते. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव तोच कायद्याने मालक आणि नुकसानभरपाईही त्याच्याकडून, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेला आहे. म्हणून नमुना २९ व ३० पूर्ण भरूनच सही करा, त्यांच्या प्रती व घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा, आणि नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

किंमत ठरवताना एकाच एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. कांदा विकताना आपण दोन बाजारांचे भाव काढतो. जीपचेही तसेच करा. तालुक्याच्या जुन्या मिस्त्रीला दाखवा, दोन-तीन गिऱ्हाइकांकडून मागणी येऊ द्या. आणि विकण्याआधी सुटे भाग काढून देऊ नका. मूळ दिवे, मूळ मीटर, मूळ जॅक, मागचा ट्रेलर या वस्तूंनीच किंमत वाढते.

गाडी खरोखरच मोडीत घालायची असेल, तर नोंदणीकृत केंद्रातच द्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी वितळली तरी तिचे कागद दुसऱ्याच गाडीला लागण्याचा धोका राहतो.

घेण्यापूर्वी

आता घेणाऱ्यांसाठी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील वाहनांचे हे शुल्क वाढवले. हलक्या मोटारीसाठी ते १०,००० रुपये आणि मोटारसायकलीसाठी २,००० रुपये झाले. शिवाय पर्यावरण कर, थकलेला कर, उशिराचे जादा शुल्क आणि विमा हे खर्च वेगळे. सौदा करण्याआधी आरटीओत जाऊन एकूण आकडा विचारून घ्या.

गाडी पाहताना पुढील गोष्टी तपासाव्यात:

१. चासीवरचा नंबर रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसून वाचा. कागद ठेवून पेन्सिलीने त्याची छाप घ्या आणि पुस्तकातल्या नंबराशी एकेक आकडा जुळवा. इंजिनच्या नंबराचेही तसेच करा.

२. पुस्तकात इंधन काय लिहिले आहे ते पाहा. पुष्कळ पेट्रोल जीपगाड्यांत पुढे डिझेल इंजिन बसवले गेले. त्याची नोंद पुस्तकात झालेली नसेल तर गाडी नियमबाह्य ठरते. कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावले आहे.

३. गाडी पूर्वी काळी-पिवळी होती का? प्रवासी वाहन म्हणून नोंद असेल तर कर आणि परवाना यांची थकबाकी निघू शकते.

४. जुने हिरवे-निळे पुस्तक असेल तर ती नोंद संगणकावर चढली आहे का, हे विचारा. चढली नसेल तर नाव बदलण्याआधी ते काम करावे लागेल.

५. कर्जाचा बोजा पुस्तकात आहे का? बँकेचा दाखला मिळाल्याशिवाय तो उतरत नाही.

६. चासी हातोडीने हळूच ठोकून पाहा. आवाज बद्द आला तर आत गंज आहे असे समजा. कोकणातल्या खाऱ्या हवेतल्या गाडीबाबत ही काळजी दुप्पट घ्या.

हरियाणातील सिरसा जिल्ह्यात मंडी डबवाली हे ठिकाण जीपगाड्या नव्याने बांधून देण्यासाठी नावाजलेले आहे. तिथल्या गाड्या दिसायला झोकदार असतात. पण परराज्यातली गाडी घेताना ना-हरकत दाखला आणि नंबर आधी तपासा, झोक नंतर पाहा.

५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी गाड्यांसाठी २०२१ सालापासून निराळी ‘व्हिंटेज’ नोंदणी आहे. तिचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. पण अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, प्रदर्शन किंवा फेरीपुरतीच बाहेर काढता येते. दूध घालायला तिचा उपयोग नाही.

पेट्रोल जीप घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. आपल्याच उसापासून ते बनते ही चांगली गोष्ट, पण जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यासाठी बनवलेले नव्हते. ते आधी बदलून घ्यावेत आणि गाडी महिनोन् महिने टाकीत पेट्रोल ठेवून उभी करू नये.

हौस आणि हिशेब

‘साहेब, सोन्यासारखा भाव वाढतोय, पैसे गुंतवले म्हणून काय बिघडले?’ असे तरुण मंडळी विचारतात. त्यांच्यासाठी एक उदाहरण. समजा, जीप आणि तिची दुरुस्ती मिळून ३ लाख रुपये घातले, तेही शेकडा १२ टक्के व्याजाने काढून. वर्षाला व्याज ३६,००० रुपये. तीन वर्षांत १ लाख ८ हजार. म्हणजे तीन वर्षांनी ती जीप ४ लाख ८ हजारांना गेली तर कुठे मुद्दल आणि व्याज निघेल. त्यात विमा, नूतनीकरण, टायर, बॅटरी धरलेलीच नाही. आणि त्या वेळी गिऱ्हाईक दारात उभे असेल याची हमी कोण देणार? सोने सराफाकडे नेले की त्याच दिवशी पैसे होतात. जीपला तिचा शौकीनच भेटावा लागतो, आणि शौक हा पावसासारखा आहे, दरवर्षी सारखा पडेलच असे नाही.

म्हणून पीककर्जाचे, ठिबकचे किंवा मुलीच्या शिक्षणाचे पैसे यात घालू नयेत. घरातल्या कारभारणीला विचारल्याशिवाय तर हा सौदा करूच नये. कोणत्या पैशाला कुठे वाट ठरलेली आहे, हे तिला चांगले ठाऊक असते. देणे फिटले, बियाणे-खताची सोय झाली, वर्षाचे धान्य घरात आले आणि तरी चार पैसे उरले, तर खुशाल हौस करा. शेतकऱ्याने हौस करू नये असे कुणी म्हटले आहे? पोळ्याला बैल सजवतो तशी जीपही सजवावी आणि पोराबाळांना घेऊन जत्रेला जावे.

आणि ज्यांच्या दारात वाडवडिलांची जीप आजही उभी आहे, त्यांना एवढेच सांगणे आहे: या आठवड्यात पेटीतून तिचे पुस्तक काढा. नाव कुणाचे आहे, मुदत कधी संपली आहे, नंबर जुळतो का, ते पाहा. गाडीवर ताडपत्री टाका, चाकांखाली दगड लावून टायर जमिनीपासून उचलून ठेवा, उंदीर बाहेर काढा. विकायची की ठेवायची हे मग सावकाश ठरवा. एवढी वर्षे ती गंजीआड उभी राहिली, आणखी दोन महिने उभी राहील. तेवढ्यात कागद पुरे झाले तर मोल तुम्ही सांगाल, एजंट नव्हे.