आभासी संगणकाचा पत्ता किती लांब?

एका संगणकाच्या पोटात अनेक ‘आभासी’ संगणक चालविण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. तिची मोठी सोय म्हणजे स्थलांतर. सर्व्हरची दुरुस्ती निघाली, की त्यावरील आभासी संगणक चालू स्थितीतच शेजारच्या सर्व्हरवर हलविता येतो आणि वापरणाऱ्याला त्याची चाहूलही लागत नाही. मात्र दोन्ही सर्व्हर एकाच जातीचे नसले, तर ही सोय एका क्षुल्लक वाटणाऱ्या आकड्यापाशी अडखळते. तो आकडा म्हणजे मेमरीच्या भौतिक पत्त्याची रुंदी.

मेमरीतील प्रत्येक बाइटला पत्ता असतो आणि तो किती बिटांत लिहायचा, हे प्रोसेसर ठरवितो. एक बिट वाढला की क्षमता दुप्पट होते. १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये ही रुंदी ३६ बिट, म्हणजे ६४ गिगाबाइट होती. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ती ३९ बिट (५१२ गिगाबाइट), तर अनेक सर्व्हर प्रोसेसरमध्ये ४६ बिट (६४ टेराबाइट) आढळते. या रचनेची कमाल मर्यादा ५२ बिटांची आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होतानाच प्रोसेसरला ही रुंदी विचारते आणि मिळालेले उत्तर शेवटपर्यंत खरे मानते. त्यापलीकडचे पत्त्याचे बिट ‘राखीव’ ठरतात. मेमरीच्या नोंदवहीत, म्हणजे पेज टेबलमध्ये, असा बिट चुकून जरी लागला, तरी प्रोसेसरने तात्काळ दोष दाखविला पाहिजे, असा नियम आहे. काही प्रणाली तर याच दोषाची खूण म्हणून मुद्दाम योजना करतात.

स्थलांतरासाठी आभासी संगणकाला खरी रुंदी न सांगता सोयीची सांगावी लागते. पण ‘खोटे बोल पण रेटून बोल’ ही म्हण येथे निम्मीच लागू पडते. ३९ बिटांच्या यंत्रावर ४६ सांगितले आणि पाहुण्या प्रणालीने एखादे उपकरण ५१२ गिगाबाइटच्या पुढील पत्त्यावर मांडले, तर यजमान प्रोसेसरला तो पत्ता लिहिताच येत नाही. काम तेथेच थांबते. निदान दोष लपत नाही.

उलट, ४६ बिटांच्या यंत्रावर ३९ सांगितले तर सारे सुरळीत भासते. फक्त चाळिसावा बिट खऱ्या प्रोसेसरच्या लेखी राखीव नसतो, त्यामुळे अपेक्षित दोष उमटतच नाही. लिनक्सच्या केव्हीएम या व्यवस्थेत पाहुण्याचे पेज फॉल्ट अडवून हा दोष सॉफ्टवेअरने निर्माण करण्याची सोय २०२० मध्ये आली. ती फक्त इंटेलसाठी आहे आणि मुळात बंद ठेवलेली असते, कारण प्रत्येक अडवणुकीला वेळ लागतो. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये केव्हीएमला खबर लागण्यापूर्वीच पाहुण्याच्या पेज टेबलात खुणा उमटून गेलेल्या असतात. त्या मागे घेता येत नाहीत. तेथे हुबेहूब नक्कल जमत नाही.

केव्हीएमसोबत वापरले जाणारे क्यूएमू हे सॉफ्टवेअर, वेगळे काही न सांगितल्यास, बहुतेक प्रोसेसर-नमुन्यांना ४० बिट सांगते. ३९ बिटांच्या डेस्कटॉपवर हेही असत्यच. पण मेमरी थोडी असल्याने ते सहसा उघडे पडत नाही. मिश्र सर्व्हरांच्या गटात मात्र व्यवस्थापकाने सर्वांत अरुंद यंत्राची रुंदी सर्वांना लावणे इष्ट. एक टेराबाइटहून अधिक मेमरीच्या आभासी संगणकांना ४० बिट पुरतच नाहीत. त्यांच्यासाठी रुंद पत्त्याच्या सर्व्हरांचा वेगळा गट राखावा लागतो आणि त्यांचे स्थलांतर त्या गटातच करावे लागते.