छापखान्यासाठी रंगवलेले चेहरे

शहादा तालुक्यातलं पुरुषोत्तमनगर म्हणजे सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचं गाव. तिथे एका नातेवाइकांच्या घरी जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा जपून ठेवलेला आहे. दुपारच्या उजेडात तो ओटीवर सोडला आणि एकेक मुखपृष्ठ भिंगाखाली धरलं.

पहिलंच हाती लागलं ते रघुवीर मुळगावकरांचं. नायिकेच्या गालावर कुंचल्याची एकही रेघ दिसत नाही. मुळगावकर स्प्रेने रंग देत. हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा उडतो, आणि जिथे रंग नको तिथे कापलेला कागद झाकून ठेवायचा. पदराची कड सुरीने कापल्यासारखी दिसते ती त्या कागदामुळे. नथीच्या मोत्यावरचा पांढरा ठिपका मात्र अगदी शेवटी, हाताने दिलेला.

भिंग आणखी जवळ नेलं की गाल विरघळतो आणि नुसते ठिपके उरतात: पिवळे, लाल, निळे, काळे. मूळ चित्राचे कॅमेऱ्याने चार रंग वेगळे करायचे, प्रत्येकाचा ब्लॉक बनवायचा आणि एकच कागद चार वेळा छापायचा. गठ्ठ्यातल्या एका अंकात लाल रंग केसभर सरकलाय, त्यामुळे ओठांच्या शेजारी आणखी एक ओठ उमटलाय. महिनाभराच्या मेहनतीचं असं वाटोळं झालेलं पाहून चित्रकाराला काय वाटलं असेल!

आतली पानं उलटली की दीनानाथ दलाल भेटतात. कथेसोबतची चित्रं काळ्या शाईची, निव्वळ रेषेची. त्याला कारण आहे. आतला कागद खरखरीत असे. त्यावर बारीक ठिपके छापले की शाई पसरून सगळं काळवंडायचं. रेषेचा ब्लॉक मात्र स्वस्त पडे आणि स्वच्छ छापला जाई. मग सावली, वय, राग, लाज, सारं काही रेषेच्या जाड-बारीकपणातून दाखवायचं. दलालांच्या एका सलग रेषेत मान, खांदा आणि कंबर येते ती उगाच नाही. कागदाने घातलेल्या बंधनातूनच त्यांनी आपली शैली घडवली, असं मला ठाम वाटतं.

दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांचा जन्म १९१६चा, मुळगावकरांचा १९१८चा. दलालांनी १९४५मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक काढला. मुळगावकरांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठं केली आणि कॅलेंडरवरचे देवही रंगवले. ते देव लोकांनी कॅलेंडरवरून कापून, काच बसवून देव्हाऱ्यात ठेवले. गावोगावच्या घरांना चित्रप्रदर्शन ठाऊक नव्हतं. तिथे चित्र पोचलं ते याच वाटेने. तरीही या कामाला 'कमर्शियल' म्हणून बाजूला सारलं गेलं, हे मला पटत नाही. घट्ट मुदत, ठरलेला आकार, वर शीर्षकासाठी सोडलेली जागा, पुढे छापखान्याची मर्जी: एवढं सांभाळून ज्याचा चेहरा लोकांच्या लक्षात राहतो, तो मोठाच चित्रकार.

दलाल १९७१मध्ये गेले, मुळगावकर १९७६मध्ये. त्यांचं काम आज बहुतेकांना पाहायला मिळतं ते छापील पानांतूनच, आणि ती पानं आता पिवळी पडून तुटताहेत. तुमच्या माळ्यावर असे अंक असतील तर रद्दीत देऊ नका. उन्हापासून आणि ओलीपासून दूर, आडवे ठेवा. चिकटपट्टी लावू नका. आणि चित्राच्या कोपऱ्यातली सही वाचून, अंकाचं नाव आणि साल एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा.