अंटार्क्टिकातली भेग आणि कोकणातला बाहेरकाठा

मुळशीतलं उरवडे समुद्रापासून लांब आणि उंचावर. पिरंगुट, पौड मागे टाकून ताम्हिणी घाट उतरलं की माणगाव, आणि मग कुठे खाड्यांचा मुलूख सुरू होतो. तरीही ‘गोव्याएवढा हिमनग तुटला’ अशी बातमी मोबाइलवर फिरू लागली, की मुळशीतही पहिला प्रश्न तोच येतो: आता मुंबई बुडणार का?

तुटलेल्या हिमनगाने मुंबई बुडत नाही. तो तुकडा तुटण्याआधीही पाण्यावर तरंगतच होता आणि तरंगणाऱ्या बर्फाने सारायचं ते पाणी आधीच सारलेलं असतं. काळजी करायची ती त्याच्या मागे, जमिनीवर उभ्या असलेल्या बर्फाची. तुटलेला तुकडा त्या बर्फाला अडवून धरत होता का, हा खरा प्रश्न. तो विचारायची सवय लागली, की अशा प्रत्येक बातमीतलं गांभीर्य वेगवेगळं दिसू लागतं.

भेग कशी पडते

हिमनदी म्हणजे वर्षानुवर्षं साचून, दबून घट्ट झालेला आणि स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकणारा बर्फ. वरच्या थरात तो ठिसूळ असतो. खोलवर मात्र वजनाचा दाब इतका असतो, की तो तडकण्याऐवजी हळूहळू ओघळतो. म्हणून कोरड्या भेगा साधारण तीस-चाळीस मीटरच्या खाली फारशा जात नाहीत, दाबच त्यांना मिटवून टाकतो. वाटेत वळण आलं, तळाशी खडकाचा उंचवटा आला किंवा मधला बर्फ कडेच्या बर्फापेक्षा वेगात निघाला, की वरचा थर ताणला जातो आणि चिरतो.

किनाऱ्याला पोचलेली हिमनदी समुद्रात उतरते आणि तिचं टोक तरंगू लागतं. अंटार्क्टिकाभोवती अशी कित्येक टोकं एकमेकांना जुळून शेकडो मीटर जाडीच्या अवाढव्य तरंगत्या लाद्या तयार झाल्या आहेत. भरती-ओहोटी या लाद्यांना रोज वाकवते, लाटा त्यांच्या कडा खातात आणि खालून समुद्राचं पाणी त्यांना पातळ करत राहतं. इथली चीर आरपार जाऊ शकते. ती वर्षानुवर्षं लांबत जाते आणि शेवटी समुद्राला भिडते. मग जो तुकडा सुटतो तो हिमनग.

भेगेत पाणी शिरलं की मामला बदलतो, आणि हे मुळशीतल्या माणसाला वेगळं समजावायला नको. पावसाळ्यात डोंगरउतारावर भेग दिसली आणि तिच्यात पाणी मुरू लागलं, की खालच्या वाडीने जागा सोडायची, हा धडा ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं तेव्हा साऱ्या पुणे जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन घेतला. बर्फातही घात पाणीच करतं. पाणी बर्फापेक्षा जड असतं. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी भेगेत भरलं, की भेगेच्या तळाशी त्याचा दाब बाजूच्या बर्फाच्या दाबावर मात करतो. जी भेग चाळीस मीटरवर मिटली असती, ती फाकत फाकत थेट खालच्या समुद्रापर्यंत जाते.

नेहमीचं तुटणं

पूर्व अंटार्क्टिकात लार्समन टेकड्यांवर, प्रिड्झ उपसागराच्या काठी, २०१२पासून भारताचा ‘भारती’ तळ आहे. याच उपसागराच्या आतल्या अंगाला अमेरी नावाची तरंगती लादी आहे. सप्टेंबर २०१९मध्ये तिच्यापासून सुमारे १,६३६ चौरस किलोमीटरचा हिमनग सुटला, म्हणजे बृहन्मुंबईच्या अडीच पटींहून मोठा. त्याला डी-२८ हे नाव मिळालं. त्या जागेवर शास्त्रज्ञांची अनेक वर्षं नजर होती. शेजारचा, ‘हलणारा दात’ म्हणून ओळखला जाणारा एक तुकडा कधी सुटतो, याची ते वाट पाहत होते. प्रत्यक्षात तो राहिला आणि त्याच्या बाजूचा मोठा तुकडा गेला. अमेरीचा असा मोठा तुकडा याआधी १९६३-६४च्या सुमारास तुटला होता. मागून बर्फ येत राहतो, पुढचं टोक समुद्रात लांबत जातं आणि काही दशकांनी तुटतं. डी-२८चा संबंध हवामानबदलाशी जोडू नका, असं अभ्यासकांनी तेव्हाच सांगितलं होतं.

‘गोव्याएवढा’ म्हणून गाजलेला ए-२३ए याची कथा आणखी लांबलचक. तो १९८६ साली फिल्खनर-रॉने लादीपासून सुटला आणि लगेच वेडेल समुद्राच्या तळात रुतून तीस वर्षांहून अधिक काळ तिथेच बसला. त्याच्या पाठीवर सोव्हिएत संघाचा एक तळही होता. २०२०च्या सुमारास तो हलला, भोवऱ्यात सापडून महिनोन्‌महिने एका जागी गरगरला, मार्च २०२५मध्ये दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ पुन्हा टेकला आणि मग त्याचे तुकडे होत गेले. आकड्यांनी डोळे फिरतात, पण समुद्राच्या पातळीच्या हिशेबात हा सगळा प्रवास जवळजवळ शून्य.

पस्तीस दिवसांत गेलेली लादी

लार्सन-बीचं तसं नव्हतं. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्वेची ही लादी सुमारे दहा हजार वर्षं टिकून होती. २००२च्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या थंडीत, तिच्यावर वितळलेल्या पाण्याची शेकडो तळी साचली. मग जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, अवघ्या पस्तीसेक दिवसांत, सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर लादीचा भुगा झाला. चीर लांबत जाऊन एक तुकडा सुटणं वेगळं आणि पाण्याने भरलेल्या असंख्य भेगा एकाच वेळी आरपार जाणं वेगळं.

पुढे जे झालं ते माझ्या मते या साऱ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण आहे. लादी गेल्यावर तिच्या मागच्या हिमनद्या धावू लागल्या. हेक्टोरिया, ग्रीन आणि इव्हान्स या हिमनद्यांचा वेग काही महिन्यांत कित्येक पटींनी वाढला, काही ठिकाणी आठपट झाला. लादी दोन्ही बाजूंच्या खडकांना घासत, तळाच्या उंचवट्यांवर अडत उभी असते, त्यामुळे ती मागच्या बर्फाला रेटा देते. तो रेटा गेला की जमिनीवरचा बर्फ समुद्रात येतो, आणि हा बर्फ समुद्राच्या पाण्यात आधी मोजलेला नसतो.

बर्फावर बांधलेलं घर

भारताचा पहिला तळ, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४च्या तिसऱ्या मोहिमेत उभा राहिला. याच मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर पाय ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ ठरल्या. तळ तरंगत्या लादीवर होता. दर हिवाळ्यात हिम त्याच्यावर चढत गेलं, तळ खाली गाडला गेला आणि १९९०च्या सुमारास तो सोडावा लागला. त्यानंतरचा ‘मैत्री’ मुद्दाम बर्फाबाहेर, शिरमाखर टेकड्यांच्या उघड्या खडकावर बांधला. ब्रिटिशांनी आपला हॅली तळ ब्रंट लादीवरच ठेवला, पण उंच पायांवर आणि खाली घसरपट्ट्या लावून. जुनी चीर जागी झाल्यावर २०१६-१७मध्ये त्यांनी सगळा तळ ओढत २३ किलोमीटर आत नेला. २२ जानेवारी २०२३ रोजी त्या चिरेवरून सुमारे १,५५० चौरस किलोमीटरचा तुकडा सुटला, तेव्हा तळ शाबूत होता.

आपल्या ध्रुवीय मोहिमांचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. अंटार्क्टिकातून खणून आणलेल्या बर्फाच्या नळ्या तिथल्या शून्याखाली वीस अंशांच्या खोलीत जपून ठेवल्या आहेत. बाहेर दमट उकाडा, आत हजारो वर्षांपूर्वीची हवा बुडबुड्यांत अडकलेला बर्फ.

चंद्रपूरचा ओरखडलेला चुनखडक

हिमनद्या आणि हिमनग ही परक्या मुलखाची गोष्ट वाटते, पण महाराष्ट्राने दोन्ही पाहिली आहेत. उरवड्याच्या डोंगरांत त्याचा पुरावा मिळायचा नाही. इथला काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याहून फार जुनं पान उघडं पडलं आहे ते चंद्रपुरात.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांना १८७०च्या दशकात चंद्रपूरजवळच्या इरई गावच्या परिसरात नदीपात्रात एक विलक्षण जागा सापडली. खाली जुना चुनखडक, वर लहानमोठे गोटे गच्च भरलेला थर आणि दोहोंच्या सांध्यावर चुनखडक घासून गुळगुळीत झालेला. त्या गुळगुळीत पृष्ठावर एका दिशेने गेलेले समांतर ओरखडे. नदीचं पाणी दगडाला गोलाई देतं, असे सरळ चरे ओढत नाही. तळाशी दगड रुतलेला अवजड बर्फ खडकावरून सरकला तरच ते उमटतात.

ओडिशातल्या तालचेरच्या अशाच गोट्यांवरून ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी १८५६मध्येच इथे कधीकाळी बर्फ असावा असं सुचवलं होतं, आणि उष्ण कटिबंधात बर्फ कसा, म्हणून ते अनेकांना पटलं नव्हतं. इरईच्या ओरखड्यांनी त्या मताला आधार दिला. आज आपण जाणतो, की सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी भारत अंटार्क्टिकाला चिकटलेला होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बर्फाखाली होता.

तालचेर थरांत आणखी एक गोष्ट दिसते, आणि मला ती फार मोलाची वाटते. स्थिर पाण्यात थराथराने साचलेल्या बारीक चिखलाच्या मधोमध अचानक एखादा मोठा धोंडा. त्याच्या खालचे थर दबलेले, वरचे थर त्याला वळसा घालून गेलेले. इतका मोठा धोंडा वाहून आणणारा प्रवाह असता तर तिथे चिखल साचलाच नसता. धोंडा वरून पडला. हिमनदीपासून सुटलेला बर्फ पाण्यावर तरंगत आला, वितळला आणि पोटात धरलेला दगड त्याने तिथे टाकला. हिमनग जाऊन तीस कोटी वर्षं झाली, पण त्याने टाकलेला दगड अजून तिथेच आहे. याच थरांच्या वर पुढे जंगलं वाढली आणि त्यांचाच चंद्रपूर-वणीकडचा कोळसा झाला.

त्या काळी बर्फ वितळल्यावर समुद्र आत शिरला, याच्याही खुणा आहेत. छत्तीसगडच्या मनेंद्रगढला आणि मध्य प्रदेशातल्या उमरियाला, आजच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, तालचेर थरांच्या सोबतीने सागरी शिंपल्यांचे अवशेष सापडतात.

दूरचा बर्फ, जवळचं पाणी

आज सर्वांत जास्त लक्ष आहे ते पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीवर. तिची रुंदी सुमारे १२० किलोमीटर. तिचा तळ समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि आत जावं तसा आणखी खोल होतो, म्हणजे एकदा मागे हटू लागली की थांबवायला अडथळा नाही. १९९२ ते २०११ या काळात तिचा तळ खडकावरून सुटून तरंगू लागण्याची रेषा मधल्या भागात सुमारे १४ किलोमीटर आत सरकली. एकट्या थ्वेट्सचा सगळा बर्फ समुद्रात गेला, तर जगभरची समुद्रपातळी सुमारे ६५ सेंटिमीटर वाढेल. हे एका रात्रीत होत नाही, त्याला दशकं आणि शतकं लागतात. पण दिशा ठरलेली आहे.

आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. अंटार्क्टिकावरचा बर्फ इतका प्रचंड आहे, की तो गुरुत्वाकर्षणाने भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ घटला की ती ओढ सैल होते. अंटार्क्टिकाजवळचं पाणी उतरतं आणि दूरच्या समुद्रांत सरासरीहून जास्त चढतं. त्या दूरच्या समुद्रांत हिंदी महासागरही येतो. पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ गेला तर कोकणाच्या वाट्याला सरासरी नव्हे, सरासरीहून अधिक पाणी येईल.

उघाडीचं दार आणि ओहोटी

१९०१ ते २०१८ या काळात जगाची समुद्रपातळी सरासरी २० सेंटिमीटर वाढली. वीतभर पाण्याने काय होतं, हे पाहायचं तर मरीन ड्राइव्हवर नको, पेण-अलिबागच्या खारबंदिस्तीवर जावं.

खाडीच्या कडेने मातीचा लांबच लांब बांध असतो, त्याला तिकडे बाहेरकाठा म्हणतात. आत भाताची खाचरं, बाहेर खारं पाणी. बांधात ठरावीक अंतरावर उघाड्या असतात. भरतीला उघाडीचं दार पाण्याच्या दाबाने बंद होतं. ओहोटीला बाहेरचं पाणी खाली गेलं, की आत साचलेलं पावसाचं पाणी दार ढकलून निघून जातं. सगळी शेती या दिवसातून दोनदा मिळणाऱ्या काही तासांवर उभी आहे.

समुद्र वाढतो तेव्हा भरती उंच येते, हे सगळ्यांना कळतं. ओहोटीही वर राहते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. दार उघडायला उशीर होतो, मिटायची वेळ लवकर येते आणि मुसळधार पावसाचं पाणी आतच तुंबतं. त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आलं, तर पाणी बाहेरकाठ्यावरून उसळतं, माती खचते, बांधाला खांड पडते आणि खारं पाणी खाचरात शिरतं. एकदा शिरलं की दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन निघेपर्यंत तिथे भात धड येत नाही. खांड वेळेवर बुजवली नाही तर कांदळवन आत येतं आणि शेत कायमचं जातं. मुळशीच्या घाटाखालच्या मुलखातली ही दरवर्षीची विवंचना आहे, आणि तिचा एक धागा थ्वेट्सला बांधलेला आहे.

अंधारात पाहणारा उपग्रह

अंटार्क्टिकाचा हिवाळा म्हणजे महिनोन्‌महिन्यांचा काळोख, त्यात ढग. साध्या छायाचित्रांत भेग तेव्हा दिसत नाही. रडारला अंधार आणि ढग आड येत नाहीत. इस्रो आणि नासा यांनी मिळून बनवलेला निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. तो दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून जातो आणि दोन फेऱ्यांतला फरक लावून बर्फ किती सरकला ते सेंटिमीटरच्या हिशेबात सांगू शकतो. त्याच्या रडारचा डोळा दक्षिणेकडे वळवलेला आहे, तो मुख्यतः अंटार्क्टिकाचा जास्तीत जास्त भाग दिसावा म्हणून. तरंगती लादी भरतीबरोबर किंचित उचलली जाते, खडकावर टेकलेला बर्फ उचलला जात नाही. रडारला हा फरक कळतो आणि त्यावरून खडक सुटण्याची रेषा नेमकी आखता येते.

हाच उपग्रह सह्याद्रीच्या उतारांवरून आणि रायगडच्या बंदिस्तीवरूनही जातो, आणि त्याची मोजणी सर्वांना विनामूल्य खुली आहे. बाहेरकाठ्याची उंची जुन्या उधाणांवरून ठरवायची की येणाऱ्या उधाणांवरून, हे ठरवणाऱ्या खारभूमी अभियंत्याला ती मागवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.