खाटेजवळचं घरचं माणूस

‘याला आता ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला जागा आहे का बघा’ अशी थट्टा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. गावाचं नाव घेतलं की पुढचं सांगावं लागत नसे. या थट्टेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. मन बिघडलेल्या माणसाला ‘पाठवायचं’ असतं, त्याच्याबरोबर कोणी जायचं नसतं.

हे गृहीत आलं कुठून? एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या एस्किरोल या डॉक्टरांनी असं मांडलं, की घर, नातलग आणि रोजच्या कटकटी यांतच आजार गुंतलेला असतो; तेव्हा रुग्णाला तिथून उचलून वेगळं ठेवलं पाहिजे. हेतू वाईट नव्हता. हीच विचारसरणी इंग्रजांबरोबर इकडे आली. पण उपचार मागे राहिले आणि उंच भिंती तेवढ्या पोहोचल्या. १९१२च्या कायद्यानं मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावर माणूस आत जाई. १९४६च्या भोर समितीसाठी कर्नल मूर टेलर यांनी पाहणी केली, तेव्हा अखंड हिंदुस्थानात अशी १९ रुग्णालयं होती आणि खाटा दहा हजारांच्या थोड्या वर. त्यांतली बहुतेक माणसं बरी करण्यासाठी नव्हे, कोंडून ठेवण्यासाठीच बांधलेली आहेत, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय होता. त्याआधी आपल्याकडे सारं आलबेल होतं, असं मात्र समजू नका. साखळी घरातही होती, देवस्थानाच्या आवारातही होती.

या भिंतीला पहिलं मोठं खिंडार पडलं ते अमृतसरला. फाळणीत जशी मालमत्तेची वाटणी झाली, तशी मनोरुग्णांचीही झाली. मंटो यांची ‘टोबा टेक सिंह’ ही गाजलेली कथा त्यावरचीच. १९५० साली लाहोरच्या रुग्णालयातले सुमारे साडेचारशे हिंदू आणि शीख रुग्ण भारतात आले आणि त्यांतले बरेच अमृतसरच्या नव्या रुग्णालयात दाखल झाले. तिथले प्रमुख होते डॉ. विद्यासागर. रुग्ण फार, हाताखाली माणसं थोडी. त्यांनी रुग्णांच्या घरच्यांनाच बोलावलं आणि रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून त्यांची राहण्याची सोय केली.

रुग्णाला भरवायचं, न्हाऊ घालायचं, त्याच्याशी बोलायचं हे काम घरच्यांचं. डॉक्टर औषधोपचार करत आणि नातेवाइकांना एकत्र बसवून आजार समजावून सांगत. भूतबाधा नव्हे, करणी नव्हे, हा आजार आहे आणि तो आटोक्यात येतो, हे लोक नुसतं ऐकत नव्हते. शेजारच्या तंबूतलं माणूस सुधारताना डोळ्यांनी पाहत होते. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. आजार उलटू लागला तर त्याच्या खुणा घरच्यांना ओळखता येऊ लागल्या. शिवाय गावी परतलेलं हे कुटुंब चार जणांना सांगे. सरकारी भित्तिपत्रकाला हे कधी साधलं नसतं!

याच दशकात गोळ्याही आल्या. क्लोरप्रोमाझिनचा मनोविकारावरचा वापर पॅरिसला १९५२मध्ये सुरू झाला. त्यामुळे सगळं श्रेय तंबूंना देणं बरोबर नाही. पण पाश्चात्त्य देशांत रुग्णाला घरापासून दूर ठेवायची रीत होती, त्या काळात घराला रुग्णालयात आणणारा हा डॉक्टर होता. विद्यासागरांनी लिहिलं फार थोडं, त्यामुळे त्यांचं नाव डॉक्टरांच्या वर्तुळाबाहेर फारसं गेलं नाही. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनंही नातेवाइकांना सोबत ठेवूनच उपचार करण्याची पद्धत रुजवली.

यावरून ‘आपली कुटुंबव्यवस्था थोर’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी इथं दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. आतली माणसं साखळीनं बांधलेली होती. २८ जण दगावले. त्यांना तिथं आणून सोडणारी कुटुंबंच होती. ती दुष्ट होती असं मला वाटत नाही. थकलेली होती, आणि अमृतसरच्या तंबूत मिळालं ते त्यांना कुठंच मिळालं नव्हतं : आजार समजावून सांगणारा डॉक्टर, औषध आणि त्याच वाटेनं जाणाऱ्या इतरांची सोबत.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं साखळीनं बांधण्यावर बंदी घातली. आपल्या वतीनं निर्णय कोणी घ्यावा, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्कही रुग्णाला दिला. तो प्रतिनिधी नातेवाईकच असला पाहिजे, असं बंधन नाही. कायद्यानं इथं नात्यापेक्षा रुग्णाच्या विश्वासाला महत्त्व दिलं, हे मला योग्य वाटतं. तरीही मनोविकाराच्या वॉर्डात आजही बहुतेक वेळा कोणीतरी सोबतीला राहतंच. ती बहुधा आई असते, नाहीतर बायको. तिचा बुडालेला रोजगार, तिची मोडलेली झोप रुग्णाच्या केसपेपरवर कुठंच लिहिली जात नाही.